बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज चालू कॉलवर समोरच्याला नीट ऐकवायचा कसा?

लेक_बोलतेय :

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लावतेय पण नीट सांगितल्याशिवाय कुणाला मदत करता येणार नाही म्हणून सगळं लिहिते. तीन आठवड्यांनी बाबांचं ऑपरेशन आहे, पूर्ण स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर गळ्यातून आवाज येणार नाही, निदान सुरुवातीचे बरेच दिवस तरी नाहीच.

बाबा म्हणजे फोनवरचा माणूस. दिवसातून आठ-दहा कॉल ठरलेले, आत्याला, मित्रांना, मला. समोरासमोर ते लिहून दाखवतील, खाणाखुणा करतील, पण फोनवर काय करणार? म्हणून आम्ही दोघांनी बसून त्यांच्याच आवाजात छोटी छोटी वाक्यं रेकॉर्ड करायला घेतलीत, 'बोल गं', 'ऐकतोय मी', 'थांब जरा', 'नंतर मेसेज करतो', आत्तापर्यंत ४३ झाली. डोक्यात असं होतं की कॉल चालू असताना बाबांनी बटण दाबायचं आणि ते वाक्य समोरच्याला ऐकू जायचं, झालं.

काल पहिल्यांदा करून बघितलं. कॉल स्पीकरवर टाकला आणि त्याच मोबाइलवर फाइल लावली. खोलीत अगदी खणखणीत ऐकू येत होतं, पण पलीकडे बहीण होती ती म्हणे काहीच येत नाहीये, मधेच पाण्याखालून कुणी बोलल्यासारखं 'बो... ग...' एवढं आलं आणि गेलं. मग व्हॉल्यूम फुल केला तरी तेच. बाबा शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत, नुसते फोनकडे बघत राहिले.

मग कॉलमध्ये साउंड वाजवतो म्हणणारी चार-पाच अ‍ॅप टाकून पाहिली, एकही चालत नाही, सगळी नुसती आपल्याच स्पीकरवर वाजवतात. बाबांचा अँड्रॉइड आहे, माझा आयफोन, घरात एक जुना मोबाइल आणि लॅपटॉप आहे. हे मुळात होतं तरी का? नसेल तर आत्ताच कळलेलं बरं, उरलेले दिवस दुसऱ्या कशात तरी घालवू.


ध्वनीवेडा :

ताई, होतं. काल जे केलंत तेवढा एकच मार्ग असा आहे की ज्याने कधीच होणार नाही, आणि नेमका सगळे पहिल्यांदा तोच करून बघतात.

कारण असं आहे बघा. स्पीकरवर कॉल असतो तेव्हा पलीकडच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर येतो आणि तुमच्याच माईकमध्ये परत शिरतो. तो तसाच गेला तर पलीकडच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल. म्हणून फोनमध्ये एको कॅन्सलर असतो, स्पीकरमधून आत्ता काय वाजतंय हे त्याला आधीच माहीत असतं आणि माईकमध्ये तेच आलं की तो ते वजा करतो. तुमची फाइल त्याच स्पीकरमधून वाजली, म्हणजे त्याच्या लेखी तोही प्रतिध्वनीच, टाकला पुसून. व्हॉल्यूम वाढवून काही होणार नाही, तो वाढलेलाही पुसतो. बहिणीला जे 'बो... ग...' ऐकू आलं ते पुसताना राहिलेले तुकडे.

अ‍ॅपचं म्हणाल तर त्यांच्या हातात काही नाहीये. साध्या सिमच्या कॉलमध्ये माईकचा आवाज ऑडिओ चिपमधून थेट मोडेमकडे, म्हणजे फोनमधल्या नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाकडे जातो, मधे तुमच्या अ‍ॅपला हात घालायला जागाच ठेवलेली नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपरसाठीच्या माहितीत मीडियाप्लेअरच्या पानावर हे स्पष्ट लिहिलंय, की कॉल चालू असताना संभाषणात साउंड फाइल वाजवता येत नाही. आयफोनवरही बाहेरच्या अ‍ॅपला ती परवानगी नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीला स्वतःला मात्र जमतं. सॅमसंगचा टेक्स्ट कॉल बघा, आपण टाइप करायचं आणि फोन समोरच्याशी बोलतो. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून लाइव्ह स्पीच आहे, तेही कॉलमध्ये बोलून दाखवतं. पण दोन्हीकडे आवाज मशीनचा आणि भाषा मोजक्या. आयफोनचं पर्सनल व्हॉइस आपल्या आवाजासारखा आवाज तयार करून देतं खरं, पण मराठीत नाही, आणि तुम्हाला तर बाबांचा खराच आवाज हवाय.

आता होणारा मार्ग. फाइल वाजवणारं यंत्र वेगळं पाहिजे, कॉलचा फोन वेगळा. तो जुना मोबाइल काढा. कॉलच्या फोनवर स्पीकर बंद, आणि जुन्या मोबाइलचा स्पीकर कॉलच्या फोनच्या खालच्या माईकला अगदी चिकटून, दोन-तीन सेंटीमीटर. लांब ठेवलात तर परत फसाल, कारण बहुतेक फोनला दोन किंवा जास्त माईक असतात, एक खाली तोंडाशी, एक वर किंवा मागे. दोन्हीकडे सारखाच आवाज आला तर फोन त्याला आजूबाजूचा गोंगाट समजून दाबतो. खालच्या माईकला जास्त, वरच्याला कमी असं झालं की मगच त्याला माणूस बोलतोय असं वाटतं. व्हॉल्यूम निम्म्याच्या थोडा वर, फुल केला तर छोटा स्पीकर फाटतो. सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शनसारखं काही असेल तर बंद करा. आयफोनवरून करणार असाल तर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माईक मोड दिसतो, तो व्हॉइस आयसोलेशनवर असेल तर स्टँडर्ड करा.


सोल्डरगन :

वरच्यांनी बरोब्बर सांगितलंय, पण दोन फोन एकमेकांना चिकटवून धरणं रोजच्या वापराला कठीण. वायरने जोडा, खोलीतला पंखा टीव्ही काहीच जाणार नाही आणि कुठे धरायचं हा प्रश्नच मिटला.

हेडफोनची माईकवाली पिन बघा, तिच्यावर चार भाग असतात. टोकाचा डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड, आणि सगळ्यात मागचा माईक. (काही जुन्या फोनना शेवटचे दोन उलटे असतात, आधी मीटरने बघून घ्या.) जुन्या मोबाइलचा हेडफोन आउटपुट या माईकच्या तारेत सोडायचा. पण थेट जोडू नका!! हेडफोनचा सिग्नल माईकच्या मानाने फार मोठा असतो, नुसती खरखर जाईल. त्याला साधारण शंभर पटीने खाली आणायचं, म्हणजे १० किलोओमचा एक रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत आणि त्याच्या पुढे १०० ओमचा ग्राउंडला.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो म्हणजे तुमची एक संध्याकाळ वाचेल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एवढंच केलं आणि पिन घातली रे घातली की कॉल कट. परत लावला, परत कट. मला वाटलं फोनच गेला. कारण नंतर कळलं. माईकच्या तारेवर फोन स्वतःच थोडा डीसी व्होल्टेज देत असतो, आणि हेडफोनवरचं बटण दाबलं की त्या तारेचा रेझिस्टन्स एकदम कमी होतो, त्यावरून फोन बटण ओळखतो. माझे १०० ओम दिसले की फोनला वाटायचं बटण दाबलंय, ठेवा फोन. म्हणून १०० ओम आणि माईकच्या तारेच्या मधे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा, तो डीसी अडवतो आणि आवाज जाऊ देतो. आणि माईकची तार ते ग्राउंड असा २.२ किलोओमचा आणखी एक रेझिस्टर, नाहीतर फोन म्हणतो या हेडफोनला माईकच नाही आणि स्वतःचाच माईक चालू ठेवतो. एवढंच आहे सगळं, तीन रेझिस्टर एक कपॅसिटर, काडेपेटीत मावतं.

फोनला गोल होल नसेल तर यूएसबी सीचा अडॅप्टर लागेल, तोही माईकवाला बघून घ्या.


लेक_बोलतेय :

दोघांनाही खूप धन्यवाद. स्पीकर बंद करून जुना मोबाइल माईकशी धरला आणि बहिणीला पहिल्यांदाच अख्खं वाक्य ऐकू गेलं!! बाबा लगेच म्हणाले आत्याला लाव.

पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातंय, 'थांब जरा'चं 'आंब जरा' होतंय. आणि दुसरं, आत्याला न सांगता कॉल केला आणि बाबांनी 'ऐकतोय मी' वाजवलं तर तिला वाटलं कुठल्या तरी कंपनीचा रेकॉर्डेड कॉल आहे, तिने ठेवूनच दिला. वायरचं माझा मावसभाऊ करून देईल, पण बाबांना ४३ फायलींतून हवी ती पटकन सापडेल का याचीच धास्ती वाटते.


पाटी_पेन्सिल :

माझं स्वतःचं स्वरयंत्र सहा वर्षांपूर्वी काढलं, तेव्हा हे सगळं करून बसलोय. इथे येऊन लिहिलंत ते फार बरं केलंत, आमच्या घरी हे कुणाच्या डोक्यात यायच्या आत तारीख उजाडली होती आणि माझी जेमतेम बारा वाक्यं झाली.

आधी बाबांना हे सांगा की कायमचं मुकं होणं असं काही नसतं. घशाला धरायचं इलेक्ट्रोलॅरिंक्स नावाचं कंप देणारं छोटं यंत्र असतं, ढेकरासारखी हवा वापरून अन्ननलिकेतून बोलायला शिकता येतं, आणि श्वासनलिका नि अन्ननलिका यांच्या मधे छोटी झडप बसवतात, व्हॉइस प्रोस्थेसिस, सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० साली ही पद्धत मांडली, मी त्याच्यावरच बोलतो. पण त्यातलं काहीही जमेपर्यंत वेळ जातो आणि तो वेळ फार वाईट असतो, त्या वेळेला ही रेकॉर्ड केलेली वाक्यं खरोखर आधार देतात. स्पीच थेरपिस्ट याला मेसेज बँकिंग म्हणतात, तुमच्याकडे थेरपिस्ट असतील तर त्यांना आजच सांगा, ऑपरेशननंतर नको.

पहिलं अक्षर खाण्याचं. कॉलमधलं यंत्र आधी शांतता ऐकत असतं, बोलणं सुरू झालं हे त्याला कळेपर्यंत पहिला तुकडा निघून जातो. माझ्या थेरपिस्ट बाईंनी सांगितलेला उपाय साधा होता, प्रत्येक वाक्याच्या आधी नेहमी बोलताना म्हणतो तसं 'हं' म्हणायचं. 'हं, थांब जरा.' खायचं तर ते 'हं' खाऊ दे. आणि खाल्लं नाही तर ते ऐकायला उलट जास्त खरं वाटतं.

आत्याने फोन ठेवला त्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकाचं होतं. कॉल उचलल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत समोरचा ठरवतो की हा माणूस आहे की मशीन. म्हणून पहिली फाइल ठरलेली पाहिजे, आणि ती लांब नको. माझी अशी होती, 'हं, मीच बोलतोय, माझा आवाज रेकॉर्ड केलेला आहे, पण मी तुमचं सगळं ऐकतोय, जरा सावकाश घ्या.' त्यातलं 'सावकाश घ्या' फार महत्त्वाचं आहे, कारण बटण शोधून दाबेपर्यंत चार-पाच सेकंद जातात आणि फोनवर चार सेकंदांची शांतता म्हणजे माणसाला वाटतं लाइन गेली. 'हॅलो? हॅलो?' सुरू झालं की आपला हात आणखी गडबडतो. त्यासाठी एक फाइल नुसत्या 'हं...हं' ची करा, आपण ऐकताना देतो तसा हुंकार. मी दिवसातून सगळ्यात जास्त तीच वाजवायचो.

हो-नाहीसाठी तर फाइलसुद्धा नको. कॉल चालू असताना कीपॅडचं बटण दाबलं की त्याचा टोन पलीकडे ऐकू जातो. एकदा दाबलं की हो, दोनदा नाही, जवळच्या माणसांना एकदा सांगून ठेवलं की झालं, आणि यात काही धरायला नको काही जोडायला नको.

४३ फायलींचं सांगतो, ४३ एका स्क्रीनवर ठेवू नका. साउंडबोर्ड नावाची फुकट अ‍ॅप मिळतात, एका बटणाला एक आवाज. पहिल्या पानावर नऊच बटणं, मोठी, रोजची. बाकीची मागच्या पानांवर माणसांप्रमाणे, आत्याचं पान, मित्रांचं पान. बाबांना ऑपरेशनच्या आधीच रोज एक कॉल तोंड बंद ठेवून करायला लावा. मला हे कुणी सांगितलं नाही आणि मी दवाखान्यात नळ्या लावलेल्या हातानं बटणं शोधत होतो.

आणि उपयोगाच्याच वाक्यांवर थांबू नका. मी 'हो', 'नाही', 'औषध', 'पाणी' असलंच सगळं केलं. मुलीला ज्या नावाने हाक मारायचो ते राहिलं. तेवढं एक राहिलं.


ध्वनीवेडा :

वरच्या काकांचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. ताई, त्यांचं शेवटचं आधी करा, बाकी नंतर.

त्यात एक माझ्याकडून. रेकॉर्डिंग फोनसाठी म्हणून कमी दर्जाचं करू नका. साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं, चांगल्या एचडी कॉलमध्ये ५० ते ७००० पर्यंत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० च्या आसपास असतो, म्हणजे साध्या कॉलमध्ये तो जातच नाही, वरच्या पट्ट्यांवरून कान तो स्वतः भरून काढतो. पण ही मर्यादा कॉलची आहे, तुमच्या फाइलची असता कामा नये. मूळ रेकॉर्डिंग वॅव्हमध्ये ठेवा, त्यात आवाज जसाच्या तसा राहतो, एमपी३ नको, ४८ किलोहर्ट्झला, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी. कॉलसाठी त्यातून वेगळी प्रत काढा. पुढे मराठीत चांगलं काही निघालं तर त्याला हेच मूळ लागेल. मागे बारीक संगीत वगैरे अजिबात नको, फोनचे कोडेक, म्हणजे आवाज दाबून छोटा करून पाठवायच्या पद्धती, माणसाच्या बोलण्याच्या हिशोबाने बनवलेले असतात, गाणं त्यातून चेंगरून जातं आणि सोबतचं बोलणंही बिघडवतं.

लॅपटॉप आहे म्हणालात तर तोही मार्ग आहे. विंडोजच्या फोन लिंकने मोबाइलचा कॉल ब्लूटूथवरून लॅपटॉपवर घेता येतो, तेव्हा लॅपटॉप म्हणजे फोनचा हेडसेटच झाला. मग व्हीबी केबलसारखी व्हर्च्युअल केबल (एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्याला माईक म्हणून देणारं सॉफ्टवेअर) टाकून तीच माईक म्हणून निवडायची आणि साउंडबोर्डचा आवाज तिच्यात सोडायचा, हवेतून काही जातच नाही त्यामुळे एको कॅन्सलरची कटकट उरत नाही. इंटरनेट कॉल लॅपटॉपवरून केलात तर आणखी सोपं, तिथे माईक कुठला ते अ‍ॅपच विचारतं. पण घरात बसूनच, खिशात घेऊन फिरता येणार नाही.


एक्स्चेंजवाला :

मी ऑफिसांच्या फोन सिस्टिम बसवतो. कुणाला घरात छोटा सर्व्हर ठेवायची तयारी असेल तर फोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कवर हे अगदी स्वच्छ होतं, कॉल चालू असताना #९ सारखा कोड दाबायचा आणि फाइल सरळ पलीकडच्याच्या लाइनवर वाजते, स्पीकर माईक काही मधे नाहीच. फाइल ८ किलोहर्ट्झ १६ बिट मोनो वॅव्ह करून ठेवायची. एक गोष्ट मात्र आहे, वाजत असताना ती दाबणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे संपली कधी ते कळत नाही. बाबांसाठी मी हे सुचवणार नाही, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे असं मला वाटतं.

दुसरं, बँक किंवा तत्सम ठिकाणी या फायली वाजवू नका. काही ठिकाणी आवाजावरून ओळख पटवतात आणि रेकॉर्डिंग पकडायची सोय असते, उगाच खातं अडकेल. तिथे तुम्ही बोला आणि बाबा शेजारी आहेत हे सांगा, किंवा लेखी कळवा. आणि या फायलींत पूर्ण नाव, जन्मतारीख, खातं नंबर असलं काही बोलून ठेवू नका, मोबाइल हरवला तर कुणाच्या तरी हातात जाईल.


लेक_बोलतेय :

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. ऑपरेशन नीट झालं, बाबा घरी आहेत, नळी निघाली.

काका, तुमचं वाचलं त्याच रात्री नावांची सगळी रेकॉर्डिंग केली. माझं, बहिणीचं, आत्याचं, आणि आईचंही, आई नाहीये आता, पण बाबा म्हणाले घे तेही. एकूण ११८ झाली. वायर मावसभावाने करून दिली आणि हो, त्याचाही कॉल पहिल्यांदा कटच झाला, कपॅसिटर उलटसुलट जागी लावला होता, सोल्डरगन दादा तुमचं लिहिलेलं दाखवलं तेव्हा जमलं. पण दवाखान्यात वायर वापरलीच नाही, तिथे कीपॅडचे टोनच कामी आले, आडवं पडून एका बोटाने. आत्याला आता इतकी सवय झालीय की ती प्रश्नच हो-नाहीचे विचारते.

घरी आल्यावर पहिला कॉल तिलाच. बाबांनी पहिली फाइल वाजवली, मीच बोलतोयवाली, मग तिच्या पानावरचं तिचं नाव. ती बराच वेळ काही बोलली नाही, बाबांनी लगेच हुंकाराचं बटण दाबलं, 'हं...हं', मग ती बोलायला लागली ते अर्धा तास.

आता एकच अडकलंय म्हणून परत विचारतेय. माझ्या नावाची जी फाइल आहे ती घाईत हळू रेकॉर्ड झाली, शेवटच्या दिवशी घेतली होती आणि तेव्हा त्यांना दुखत होतं. कॉलवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. परत तर घेता येणार नाही. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्प्लिफाय केलं तर मागची सूंऽऽ पण वाढते, नॉइज रिडक्शन लावलं तर शेवटचं अक्षर पुसट होतं. मूळ वॅव्ह आहे, ४८ ची, दोन ठिकाणी ठेवलीय. ध्वनीवेडा दादा, पाठवली तर बघाल का?


ध्वनीवेडा :

पाठवा ताई. जशी आहे तशीच पाठवा, तिला आता काही करू नका.